सेप्सिसची आगाऊ वर्दी



शरीरात शिरलेल्या जंतूंशी झुंजता झुंजता शरीराची संरक्षक व्यवस्थाच बेताल होऊन आपल्याच मूत्रपिंडांवर, फुप्फुसांवर, हृदयावर आघात करू लागते, त्या प्राणघातक अवस्थेला सेप्सिस म्हणतात.

येथे औषधाइतकेच मोल वेळेला आहे.

पण आरंभीची लक्षणे मोठी फसवी.
थोडा ताप, किंचित धाप, नाडी जराशी जलद.
वृद्धांना तर कित्येकदा तापही येत नाही. केवळ बोलण्यात भ्रम जाणवतो.

सामान्य कक्षात परिचारिका काही तासांच्या अंतराने नाडी-तापमान पाहून तक्त्यावर नोंद करते.
मधल्या तासांचे दप्तर कोरेच राहते.

छातीवर चिकटवलेली संवेदक पट्टी ते दप्तर अखंड भरत असते. आणि एकेक आकडा निरुपद्रवी भासला, तरी साऱ्यांचा मिळून जो कल पालटत असतो, तो ओळखून कृत्रिम बुद्धिमत्ता वैद्यांना वर्दी देते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुची सारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयीन नोंदी वाचणारी अशीच प्रणाली उभारली.
तिच्या इशाऱ्याची वैद्यांनी तीन तासांच्या आत दखल घेतली, तेथे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

पुन्हा सांगतो, मोल वेळेचे आहे.

खोट्या इशाऱ्यांचा उपद्रव मात्र आहेच.
घंटा उठल्यासुटल्या वाजू लागली, की कान तिला सरावतात. म्हणून वर्दी यंत्राची असली, तरी रुग्णाच्या उशाशी जाऊन निर्णय करण्याचा अखत्यार अद्याप वैद्यांकडेच आहे.