हाताला निवृत्ती नसावी



ज्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि त्याच्याही आधीपासून जिथे तंबोरे व सतारी घडविणाऱ्या घराण्यांनी आपले कसब पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. वार्धक्यातील मेंदूच्या आरोग्याचा विचार करण्यास याहून समुचित स्थळ मला सुचत नाही.

तंबोऱ्याची जवारी लावणारा वृद्ध कारागीर आपण अवश्य पाहावा. घोडीवर हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचे, तारेखालचे सूत किंचित सरकवायचे आणि नाद भरून येईपर्यंत हाच क्रम चालवायचा; त्यात स्पर्श, श्रवण, स्मृती आणि निर्णय यांना एकाच क्षणी हजेरी द्यावी लागते. पेनफील्ड या शल्यविशारदाने १९३७ साली मेंदूच्या पृष्ठभागाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हाताच्या वाट्याचा मुलूख सबंध धडाच्या वाट्याहून मोठा आहे. अमेरिकेत साठीपुढच्या २२१ जणांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तीन महिने गोधडीकाम किंवा छायाचित्रण नव्याने शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती, केवळ मनोरंजनात वा परिचित उद्योगांत रमलेल्यांच्या मानाने अधिक सुधारलेली आढळली. हस्तकर्माने स्मृतिभ्रंश हमखास टळतो असे शास्त्र म्हणत नाही, मीही म्हणणार नाही; परंतु जे काम नवे आणि थोडे कठीण असते, तेच मेंदूला जागे ठेवते, असे माझे मत झाले आहे.

आमच्या घरांतून मात्र मायेपोटी उलटाच हुकूम सुटतो. माझ्या आईच्या हातची सुई, तिची दृष्टी शिणेल या काळजीने, तिच्या पंच्याहत्तराव्या वर्षी मीच काढून घेतली. त्यानंतर दुपारभर दाराकडे पाहत बसलेली तिची मूर्ती आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

निवासाची व भोजनाची तजवीज यथाशक्ति केली आहे. उणे असेल ते पदरात घ्यावे. मंडपाच्या उत्तरेस चार कारागीर आपली हत्यारे मांडून बसले आहेत. आपण नुसते पाहून परतू नये. त्यांच्याजवळ बसून घटकाभर कानस स्वतःच्या हाती घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.