उतारवयाचें घर



पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेलेल्या आपल्यापैकीं कित्येकांस चाळिशीनंतर प्रश्न पडतो, उतारवयांत राहावें कोठें? खंबाटकीपलीकडील दाखला पाहा. महाबळेश्वर उन्हाळ्यांत सुखद, परंतु पावसाळ्यांत तेथें राहणें कठीण. म्हणून १८६० च्या दशकांत इंग्रजांनीं बारमाही विसाव्यासाठीं कमी पावसाची पांचगणी निवडली. जॉन चेसन यांनीं तेथें सिल्व्हर ओक लाविले. बोध हा कीं, जागा तिच्या अवघड ऋतूंत पारखावी.

आपल्या खंडाळ्याची हवा ऊबदार, पण पाऊस थोडा. म्हणून हातपाय धड आहेत तोंच वैशाखांत येऊन विहिरीचें पाणी पाहावें, दवाखाना किती लांब तें पाहावें, शेजार जोडावा, आंबा लावावा. साठीनंतर लाविलेल्या रोपाची सावली आपणांस लाभेलच असें नाहीं.