एकट्यापुरती राहुटी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘सायकलप्रवासातील अनुभव’ असा विषय दिला होता. तो मी त्यांच्याच परवानगीने आकसून घेतला आहे. अनुभव सांगत बसलो तर जेवणाची पंगत उठेल. आणि सायकल कोणती घ्यावी, यावर आपल्या व्हॉट्सअॅप गटात वर्षभर जे रणकंदन चालू आहे, त्यात उडी मारण्याची माझी तयारी नाही. मी आज फक्त तंबूबद्दल बोलणार आहे. एकट्याने झोपायचा, सायकलवर बांधून न्यायचा छोटा तंबू.

कारण सांगतो. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, जी आत्ता दुसऱ्या रांगेत बसून मला नाव न घेण्याच्या खुणा करते आहे, ती येत्या नोव्हेंबरात रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने एकटी निघणार आहे. सुमारे ५०० किलोमीटर. पाय तयार आहेत, सायकल तयार आहे. घरच्यांचा प्रश्न एकच आहे, ‘रात्री झोपणार कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. माणूस चढाने दमतो, उन्हाने कावतो, पण प्रवास अर्धवट सोडून सायकल टेम्पोत टाकतो तो बहुतेक वेळा लागोपाठ दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा न लागल्यामुळे. हे मी बरोबरच्या लोकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून तंबू ही चैनीची वस्तू नाही, पुढच्या दिवसाची शिदोरी आहे.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे इतिहासाच्या बाईंना बरे वाटेल. हलक्या तंबूचा आणि सायकलचा संबंध जुना आहे. लंडनमधले थॉमस हायरम होल्डिंग नावाचे एक गृहस्थ व्यवसायाने शिंपी होते. सायकलवर नेता येईल असे हलके तंबू त्यांनी स्वतः बेतले, आयर्लंडच्या कॉनेमारा भागात ते घेऊन फिरले आणि १८९८ साली त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. १९०१ साली त्यांच्या पुढाकाराने सायकलवरून मुक्कामी जाणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. ती आज वेगळ्या नावाने ब्रिटनमध्ये चालू आहे. मला यातली गंमत अशी वाटते की सुरुवात शिंप्याने केली. तंबू म्हणजे शेवटी कापड, शिवण आणि काठ्या. जाहिरातीतली मोठमोठी नावे बाजूला ठेवून या तीन गोष्टींकडे पाहिले की निम्मा गोंधळ संपतो. आपल्याकडे तर या वस्तूला ‘राहुटी’ हा किती नेमका शब्द आहे. वारीच्या वाटेवर तो अजून रोज वापरात असतो.

आता मुद्द्याचे. तंबू निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘वजन किती?’ मी म्हणतो पहिला प्रश्न असा विचारा, ‘मी तो कुठे उभा करणार आहे?’ परदेशातल्या चित्रफितींत तंबू मऊ हिरवळीवर, तळ्याकाठी दिसतो. आपल्याकडे एकटा सायकलवाला रात्र कुठे काढतो? देवळाच्या सभामंडपात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, पेट्रोल पंपामागच्या काँक्रीटवर, ढाब्याच्या पडवीत. आणि सर, तुम्हाला सांगायला आनंद वाटतो, सर्वांत चांगला मुक्काम म्हणजे गावच्या शाळेचा व्हरांडा. मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना विचारायचे, ओळखपत्र दाखवायचे, सकाळी प्रार्थनेच्या आत आवरून निघायचे. डोक्यावर छप्पर, जवळ पाण्याची टाकी, आणि सगळ्या गावाला माहीत की आज इथे पाहुणा आहे. एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या बाईला, झाडीत लपून राहण्यापेक्षा हे माहीत असणे कितीतरी सुरक्षित.

पण शहाबादी फरशीत खुंटी ठोकता येत नाही! इथे तंबूंचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. एक प्रकार खुंट्या आणि दोऱ्यांच्या ताणावर उभा राहतो. खुंट्या काढल्या की तो धोतरासारखा खाली येतो. दुसऱ्याला फ्रीस्टँडिंग म्हणतात. त्याच्या काठ्या कमानीसारख्या वाकवून चारही कोपऱ्यांत अडकवल्या की तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो. उचलून इकडचा तिकडे ठेवता येतो. दुकानदार ‘सेमी-फ्रीस्टँडिंग’ असा तिसरा प्रकारही दाखवतील. त्यात पायथ्याचे दोन कोपरे ताणायला खुंट्या लागतातच. व्हरांड्यात तिथे भरलेल्या पाण्याच्या बाटल्या किंवा विटा बांधून वेळ निभावते, पण खरेदीपूर्वी हे माहीत हवे. कोकणात तर उघड्या माळावरही हीच अडचण आहे. सड्यावर जांभा इतका कठीण की पातळ खुंटी वाकते, आणि किनाऱ्यावर वाळू इतकी भुसभुशीत की खुंटी राहत नाही. वाळूत दोरीला काटकी किंवा दगडांची पिशवी बांधून ती आडवी पुरावी लागते.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मित्राने गटावर अर्ध्या किलोच्या तंबूचा दुवा टाकला होता. डायनीमा नावाच्या धाग्याचे पत्र्यासारखे करकरीत कापड, एकच थर, आत एक उभी काठी. वस्तू उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो पायी चालणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. त्यांच्या हातात चालायच्या काठ्या असतातच, त्याच तंबूला लावतात. सायकलवाल्याला वेगळी काठी बाळगावी लागते. शिवाय तो खुंट्यांवर उभा राहणारा. त्याच्या डोंगरवाटांवर तो बरोबर आहे. आमच्या गुहागरच्या ओट्यावर नाही.

आणि तो एक थर. विज्ञानाच्या सरांनी नववीत दवबिंदू शिकवला होता, तो मला तंबूत झोपल्यावर खरा कळला. रात्री आकाश निरभ्र असले की वरचे कापड उष्णता आकाशाकडे फेकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. आपण रात्रभर श्वासातून वाफ सोडत असतो. ती त्या गार कापडाला आतून लागली की पाणी होते. एकेरी तंबूत हेच पाणी पहाटे कापडाला टेकलेल्या पांघरुणाला लागते. दुहेरी तंबूत आत जाळीची खोली आणि बाहेर वेगळे छत असते. पाणी छताला धरते, जाळीच्या पलीकडे राहते. समुद्राकाठच्या दमट हवेत मी दुहेरीशिवाय दुसरा तंबू सुचवणार नाही. झाडाखाली दव कमी पडते हेही खरे. म्हणून सुरूच्या बनात झोपावे, नारळाखाली मात्र कधीही नाही. का, ते कोकणातल्यांना सांगायला नको. आणि किनाऱ्यावर तंबू लावायचाच तर भरतीच्या खुणेच्या बराच वर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण किती आत येते ते गावातल्या कोळ्याला विचारून मगच.

दुहेरी तंबूचा दुसरा फायदा व्हरांड्यात कळतो. छत पिशवीतच ठेवायचे आणि फक्त आतली जाळी उभी करायची. मच्छरदाणी झाली! वारा खेळतो, डास, विंचू, गोम बाहेर राहतात, आणि खालचा भाग शिवलेला असल्याने कुत्र्याचे नाकही आत येत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या प्रवासात तंबूचा निम्मा उपयोग हाच आहे.

मापाबद्दल एक घरगुती युक्ती. भिंतीला पाठ लावून जमिनीवर ताठ बसा आणि डोक्याशी पेन्सिलीची खूण करा. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाची ही खूण ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यात चटईची जाडी आणि चार बोटे वर मिळवा. तंबूची आतली उंची एवढी हवीच, म्हणजे मीटरभर तरी. आपल्या वयात वाकून, लोळत कपडे बदलणे म्हणजे कंबरेला आमंत्रण. लांबी आपल्या उंचीपेक्षा फूटभर जास्त असावी, कारण भिंती उताराच्या असतात आणि पाय कापडाला टेकतात. दार बाजूने असेल तर उत्तम. डोक्याकडून दार असलेल्या तंबूत बिळात शिरल्यासारखे शिरावे लागते.

आता वजन. त्याचा हिशेब करून पाहू. सायकल, सामान, पाणी आणि आपण स्वतः मिळून साधारण १०० किलो धरा. अर्धा किलो वाचवला तर एकूण वजन अर्ध्या टक्क्याने घटले. म्हणजे जो घाट चढायला एक तास लागतो, तो तितक्याच जोराने चढताना जेमतेम १८ सेकंद लवकर चढून होईल. घाटमाथ्यावर चहाला आपण २० मिनिटे बसतो. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याला तो अर्धा किलो खांद्यावर जाणवतो. आपला तो कॅरियरवर असतो. तेव्हा एक ते दीड किलोच्या दरम्यानचा, काठ्यांसह स्वतः उभा राहणारा दुहेरी तंबू मिळाला की पुढच्या शंभर-दोनशे ग्रॅमसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. अडीच-तीन किलोचाही घेऊ नये, कारण सायकल जिन्यावरून उचलून न्यावी लागते तेव्हा तो कळतो.

सायकलला वजनापेक्षा लांबी जास्त नडते. साध्या तंबूच्या काठ्या घडी करून ४०-५० सेंटिमीटरच्या होतात. मागे कॅरियर असेल तर प्रश्न नाही. पण तंबू हँडलला बांधायचा असेल तर तेवढ्या लांबीने ब्रेकच्या तारा दबतात. हल्ली सायकलवाल्यांसाठी ३० सेंटिमीटरच्या आखूड तुकड्यांच्या काठ्या मिळतात, त्या पाहाव्यात. नाहीतर काठ्या वेगळ्या काढून सायकलच्या वरच्या दांडीला बांधाव्यात. डेकॅथलॉनमध्ये दोन सेकंदांत फटकन उघडणारा तंबू मिळतो, तो पाहून नातवंडे खूश होतात, पण त्याची घडी मोठ्या परातीएवढी गोल होते. ती सायकलवर लादली की वाऱ्यात शीड लावल्यासारखे होते. काठ्या ॲल्युमिनियमच्याच घ्या. फायबर ग्लासची काठी उभी चिरते आणि तिच्या बारीक कुसळांनी हात सोलतो. तुटलेल्या जागी सरकवायची छोटी नळी बहुतेक तंबूंबरोबर येते, ती घरी ठेवून जाऊ नका.

कापडावर ‘१५०० मिमी’, ‘३००० मिमी’ असे आकडे असतात. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते पाझरत नाही, असा त्याचा अर्थ. छताला १५०० पुरे. जमिनीच्या कापडावर आपला गुडघा किंवा कोपर टेकतो तेव्हा दाब जास्त पडतो, म्हणून तिथे जास्त आकडा किंवा खाली एक जादा प्लास्टिक असावे. सिलिकॉन लावलेले नायलॉन ओले झाले की सैल पडते, झोपण्यापूर्वी एकदा दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तितके पडत नाही आणि उन्हालाही थोडे जास्त टिकते. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडाचा मोठा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. ओलसर तंबू घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकला की लेप चिकट होतो, कुबट वास येतो, आणि मग पापुद्रे सुटतात. पूर्ण वाळवून, सैलसर, सुती पिशवीत, कपड्यांच्या कपाटात ठेवावा. घरातून विरोध होईल. तो सोसावा.

लडाखला जाऊ म्हणणारे दोघे इथे आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. मनाली-लेह रस्त्यावर मोरे पठारावर दुपारनंतर वारा सुटतो. तिथे स्वतः उभा राहणारा तंबूही दोऱ्यांनी बांधावाच लागतो, नाहीतर तो उघड्या छत्रीसारखा पठारभर पळतो. आधी सामानाच्या पिशव्या आत, मग काठ्या. आणि थंडी कितीही असली तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आग तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत माणूस जातो.

राहिला रंग. आमच्या मैत्रिणीने काल रात्री हेच विचारले. केशरी घ्यावा की मातकट हिरवा? माझे मत हिरव्याकडे झुकते. परवानगी घेऊन राहायचे तर ज्यांना माहीत असायला हवे त्यांना आपण स्वतः सांगितलेलेच असते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळायची गरज नसते. पण लडाखकरांनी केशरी घ्यावा. तिथे शोधायला येणाऱ्याला दुरून दिसणे महत्त्वाचे.

माझा तंबू मी आणला आहे. जेवणानंतर आपल्या जुन्या दहावी ‘ब’च्या व्हरांड्यात तो लावून ठेवतो, छताशिवाय, नुसती जाळी. एकेकाने आत जाऊन आडवे व्हा, उठून बसा, डोके लागते का पाहा. काठ्या अडकवण्याचे काम मात्र प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, आणि दुसऱ्या वेळी बॅटरीच्या उजेडाची वाट न पाहता डोळे मिटून. चपला बाहेर काढा. सरांचा नंबर पहिला.