लिहून दिलं, पण लिहून घेतलं नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला 'लेखनाचा व्यवसाय'. कार्यक्रमपत्रिका ग्रुपवर आली आणि लगेच दोघींचे फोन आले. "अगं, तू तर सॉफ्टवेअरवाली ना? कादंबरी कधी लिहिलीस?" तेव्हा आधीच सांगते, कादंबरी लिहिलेली नाही, लिहिण्याचा विचारही नाही. मी लिहिते ती यंत्रांची माहितीपुस्तकं, सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना, कंपन्यांचे प्रस्ताव. त्यावर लेखकाचं नाव छापत नाहीत, आणि वाचणारा बहुतेक वेळा काहीतरी बिघडलं म्हणून वैतागलेलाच असतो.

मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे खोटं बोलता येणार नाही. निबंधात मला दहापैकी सहाच्या वर कधी मिळाले नाहीत. एकदा नगरपालिकेला तक्रारीचं पत्र लिहायचं होतं, रस्त्यावर पाणी साचतं म्हणून. मी पहिला परिच्छेद पावसाच्या सौंदर्यावर लिहिला. बाईंनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'कोणासाठी?' तेव्हा राग आला होता. बाई, आज माझं घर त्या एका शब्दावर चालतं.

आपण सहावीतून सातवीत गेलो त्या १९९२ च्या उन्हाळ्यात वाशीपर्यंत लोकल आली. आपल्या सगळ्यांच्या घरची तोंडं खाडीपलीकडच्या मुंबईकडे होती. पाठीमागे ठाणे-बेलापूर पट्ट्यात शेकडो कारखाने होते, पण त्यांची आपली ओळख रात्री येणाऱ्या वासापुरती. इंजिनिअर झाल्यावर मी महापेला नोकरीला लागले, प्रोग्रॅम लिहायला. हळूहळू लक्षात आलं की प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ आहेत, पण तो कसा वापरायचा हे साध्या भाषेत सांगणारं कोणी नाही. ते काम आलं की सगळे माझ्याकडे सरकवायचे. २०१३ मध्ये मी नोकरी सोडली आणि तेच काम बाहेरून घ्यायला लागले.

पहिलं काम त्याच पट्ट्यात मिळालं, रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यात. ते रसायनं मोजून सोडणारे पंप बनवायचे. जुनं पुस्तक चाळीस पानांचं होतं, आणि तरी ग्राहकांचे फोन थांबत नव्हते. मी दोन दिवस पंप चालवणाऱ्या काकांशेजारी उभी राहिले. त्यांनी पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. पॅनेलवर खडूने तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: आधी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, मग कोणता, आणि कोणता कधीच एकदम उघडायचा नाही. मी त्या तीन ओळी पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणल्या आणि चाळीस पानांची चौदा केली. मालक खूश झाले.

मग बिल केलं. दर ठरला होता पानामागे शंभर रुपये. म्हणजे जुनं पुस्तक तसंच ठेवलं असतं तर चार हजार, नीट केल्याबद्दल चौदाशे! बाईंनी शिकवलेलं सारांशलेखन माझ्याच बिलावर उठलं. त्या कामाला माझे साठ तास गेले होते. व्यवसायातला हा माझा पहिला धडा. शब्दावर किंवा पानावर दर लावला की कमी शब्दांत सांगणाऱ्याला दंड होतो. तेव्हापासून मी पूर्ण कामाचा एक आकडा सांगते. तो काढताना प्रत्यक्ष लिहिण्याचे तास मोजतेच, पण माणसांना भेटण्याचे, फोनचे आणि दुरुस्त्यांचे तासही मोजते. माझ्या वहीप्रमाणे महिन्यातल्या कामाच्या बावीस दिवसांपैकी बिल लावता येईल असं काम बारा-तेरा दिवसच होतं. उरलेले दिवस काम मिळवण्यात, कोटेशन देण्यात आणि पैशांची आठवण करण्यात जातात. घर या बारा दिवसांच्या कमाईवर बावीस दिवस, खरं तर तीस दिवस चालवायचं असतं.

पैसे मागण्याची आपल्याला लाज वाटते, हे मात्र मान्य करायला हवं. लिहिणं म्हणजे सरस्वतीची सेवा, त्याचा भाव कसा करायचा? आपले कितीतरी नामवंत लेखक दुसऱ्या कामावर पोट भरत होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात चित्रकार-संकल्पक म्हणून नावाजलेले होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण अशी उदाहरणं थोडी. त्यामुळे लिहिण्याचे पैसे रोखठोक मागणारी बाई दिसली की समोरचा माणूस म्हणतो, "अहो, दोन पानं तर लिहायची आहेत." प्लंबरला कोणी म्हणत नाही, "दोन वॉशर तर बदलायचे आहेत."

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायचं कबूल केलं, ती सांगते. २०१८ मध्ये मी एका कंपनीचं मोठं काम घेतलं. पाच महिने चाललं. सगळं बोलणं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. मध्येच तिथला अधिकारी बदलला. नवा म्हणाला, "मला यातलं काही माहीत नाही, कागद दाखवा." कागद नव्हता. माझे दोन लाख ऐंशी हजार रुपये अडकले, आणि माझा मजकूर मात्र त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज दिसत होता. घराचा हप्ता चालू होता. मी मुदतठेव मोडली आणि चार महिने घरी कोणाला सांगितलं नाही. 'नोकरी सोडू नकोस' असं सगळ्यांनी बजावलं होतं, त्यांना काय तोंड दाखवायचं? रात्री सगळे झोपले की मी पुन्हा नोकरीचे अर्ज भरायचे.

शेवटी लाज सोडून आपल्याच वर्गातल्या, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या वकील मित्राला फोन केला. वीस वर्षांत त्याच्याशी बोलले नव्हते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू लिहिण्याचेच पैसे घेतेस ना?" म्हटलं, हो. "मग स्वतःसाठी एक पान लिहायला काय झालं होतं?"

यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं सगळं मी लिहून दिलं होतं, स्वतःसाठी काहीच लिहून घेतलं नव्हतं.

त्याने मला एक गोष्ट शिकवली जी मला ठाऊक असायला हवी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना लिहिलेलं सहसा मालकाचं असतं, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लिहिणाराच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणजे कागद नव्हता ही गोष्ट त्यांनाही अडचणीची होती. मजकूर कायद्याने अजून माझाच होता! या मुद्द्यावर नोटीस गेली. चौदा महिन्यांनी एक लाख पंचाहत्तर हजारांवर तडजोड झाली. जिंकले असं म्हणणार नाही, लाखावर रुपये गेलेच. पण मी व्यवसाय बंद केला नाही तो त्या फोनमुळे.

तेव्हापासून माझ्याकडे एक पानाचा करार आहे. एकच पान, कारण दोन पानं कोणी वाचत नाही. त्यात काय लिहून देणार आणि काय नाही, किती वेळा दुरुस्त्या (माझ्याकडे दोनदा), माहिती कोण पुरवणार, पैसे कधी. चाळीस टक्के आगाऊ, तीस पहिल्या खर्ड्याला, तीस शेवटी. आणि हे वाक्य: सगळे पैसे मिळाल्यावर मजकुराचे हक्क ग्राहकाकडे जातील. गंमत म्हणजे हे पान पाहून एखादं गिऱ्हाईक निघून गेलं, तर ते बहुधा पैसे बुडवणारंच असावं असं आता वाटतं.

दुसरी गोष्ट नोंदणीची. इथे कोणी शिकवण्या घेतं, कोणी डबे पुरवतं, कोणी डिझाइन करतं, म्हणून सांगते. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे कारखान्यांपुरतं नाही, सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. १ जुलै २०२० पासून त्यासाठी 'उद्यम' नोंदणी आहे. ती आधार आणि पॅनवर, फुकट होते. पण काम घेण्याआधी करा. नोंदणीआधी दिलेल्या मालाला किंवा सेवेला नंतर नोंदणी करून हा लाभ मिळत नाही, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं आहे. २०१८ मध्ये माझी कुठलीच नोंदणी नव्हती, म्हणून ही वाट मला बंद होती. आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि या कायद्याची एक ओळ असते. भांडण न करता तेवढ्या ओळीने बरीच कामं होतात.

बाकीची शिस्त थोडक्यात. व्यवसायाचं बँक खातं वेगळं. टीडीएस कापला म्हणजे सगळा कर भरला असं नाही, म्हणून आलेल्या पैशातला काही भाग लगेच बाजूला. एका गिऱ्हाइकाकडून एकतृतीयांशापेक्षा जास्त उत्पन्न नको. आता माझ्याबरोबर दोघी जणी काम करतात. त्यांचे पैसे सात तारखेला जातात, माझे आले असोत वा नसोत. जे मी सोसलं ते खालच्या माणसावर ढकलायचं नाही, एवढा एक नियम मी मोडलेला नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "यंत्रच लिहायला लागलं, आता तुझं काय?" खरं सांगते, २०२३ नंतर माझी दोन गिऱ्हाइकं गेली. वस्तूंची छोटी वर्णनं लिहिण्याचं काम जवळपास संपलं. मीसुद्धा पहिला खर्डा कधीकधी यंत्राकडून करून घेते. पण २०१६ मधला एक अनुभव मला धीर देतो. वाशीच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण माझ्याकडे आलं. आधी कोणीतरी यंत्राने भाषांतर केलं होतं, आणि त्यात 'कमिशन'च्या जागी 'आयोग' असं आलं होतं. गाळ्यावरचा मेहता मला म्हणाला, "ताई, हा कुठला आयोग बसलाय आमच्या बिलावर?" बाजारात शब्द आहे आडत. त्याच वर्षी फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, म्हणजे ती कोणाच्या बिलात दाखवायची हेही बदललं. आज यंत्र आडत हा शब्द बरोबर लिहील. पण आधी गाळ्यावर जाऊन कोणाला काय अडतंय हे विचारावं लागतं. पुढच्या दहा वर्षांत हे काम किती उरेल याची खात्री मी देणार नाही. जोवर आहे तोवर ते रबाळ्याच्या काकांशेजारी उभं राहणाऱ्याचंच आहे.

बाई, तुमचा तो लाल शब्द मी प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिते. कोणासाठी? फक्त इतकी वर्षं त्या 'कोणासाठी'मध्ये मी स्वतःला धरत नव्हते. एक पान स्वतःसाठीही लिहायचं असतं, हे आपल्या वर्गातल्या मित्राने शिकवलं.

आणि हो, ज्यांचे कोणाकडे पैसे अडकले असतील त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. त्या कराराच्या छापील प्रती आणल्या आहेत. वकील मित्रही इथेच आहे, नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत. त्याने त्या नोटिशीचं बिल मला अजून दिलेलं नाही. त्याचे पंचेचाळीस दिवस कधीच उलटून गेले आहेत.