शासनदरबारी समाजाची पत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या धर्मकार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मी एका काहीशा रुक्ष, परंतु निकडीच्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. समाजाचे म्हणणे शासनापुढे मांडणारा कार्यकर्ता कसा असावा? मंदिर असो, स्थानक असो, वसतिगृह असो वा पांजरापोळ, प्रत्येक संस्थेला धर्मादाय आयुक्त, महानगरपालिका आणि तहसील कचेरी यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. त्या कोण चढतो, यावर कामाचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आमच्या कापडाच्या व्यापारात मालाइतकीच पत मोलाची मानतात. ज्या पेढीचे थान सांगितलेल्या मापाचे भरते, तिचा माल पुढे कोणी मोजून घेत नाही. शासनदरबारीही असेच आहे. ज्या कार्यकर्त्याच्या अर्जातील आकडे एकदा खरे ठरले, त्याचा दुसरा अर्ज अधिकारी विश्वासाने वाचतो. एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला, तर पुढची खरी तक्रारही संशयाने पाहिली जाते. म्हणून कार्यकर्त्याचा पहिला गुण सत्य, आणि सत्यासाठी आवश्यक असलेला अभ्यास.

या बाबतीत वीरचंद राघवजी गांधी यांचे उदाहरण चिंतनीय आहे. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्याआधी मुंबईच्या जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी समाजाची केवढी तरी कामे केली. पालीताण्याच्या संस्थानिकांनी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर माणशी कर लादला, तेव्हा ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठियावाडचे अधिकारी कर्नल वॉटसन यांना भेटले. १८८६ साली माणशी कराऐवजी वार्षिक १५,००० रुपयांची ठोक रक्कम ठरली. कर सर्वस्वी रद्द झाला नाही, पण यात्रेकरूची अडवणूक थांबली. मुख्य हेतू साधत असेल तर कोठे थांबावे, हे कार्यकर्त्याला कळले पाहिजे.

पुढे १८९१ साली सम्मेदशिखरजीनजीक डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला. वीरचंदजी कोलकात्यास गेले, तेथे सहा महिने राहिले, जुने दस्तऐवज वाचता यावेत म्हणून बंगाली भाषा शिकले आणि निकाल समाजाच्या बाजूने मिळवला. त्यांचे वय तेव्हा तिशीच्याही आत होते. समाजातील तरुणांनी या गोष्टीची विशेष नोंद घ्यावी.

दुसरा गुण चिकाटी. १९९३ साली केंद्र शासनाने पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्यात जैन नव्हते. १९९४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाने जैनांच्या समावेशाची शिफारस केली, तरी निर्णय झाला नाही. मुंबईचे पत्रकार बाळ पाटील यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि न्यायालयात नेला. ८ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी मान्य केली नाही. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. २०११ साली त्यांचे निधन झाले आणि २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्राची अधिसूचना निघाली. या दर्जाबाबत आपल्या समाजातही मतभेद होते, ते मी जाणतो. परंतु आज ज्या विद्यार्थ्याला त्या दर्जामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, त्याने या गृहस्थांचे नाव विसरू नये. आपण लावलेल्या झाडाचे फळ आपल्याच हाती पडेल, असा हट्ट धरणाऱ्याने या कामात पडू नये.

तिसरा गुण अनेकान्त दृष्टी. समोरच्या अधिकाऱ्यालाही नियमांची चौकट असते, वरिष्ठांचे आदेश असतात. त्याच्या खुर्चीतून आपला प्रश्न कसा दिसतो, याचा विचार करून अर्ज लिहिला तर अर्धे काम होते. तसेच, आपल्या प्रश्नात आणखी कोण भागीदार आहे, हेही पाहावे. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने अनेक प्रकारच्या कापडावरील कर १ जानेवारी २०२२ पासून ५ वरून १२ टक्के करण्याचे ठरवले. देशभरातील व्यापारी आणि उत्पादक एकत्र आले, अनेक राज्यांनीही विरोध नोंदवला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी परिषदेने तो निर्णय स्थगित केला. मालेगावात तर यंत्रमागधारक, कामगार आणि कापड दुकानदार यांची भाकरी एकाच धाग्यावर आहे. धर्म वेगळे असले तरी निवेदन एक असू शकते.

चौथा गुण म्हणजे योग्य दरवाजा ठाऊक असणे. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या गावाला लागून जातो. पूज्य साधु-साध्वींचा पायी विहार या मार्गाने होतो आणि पहाटेच्या अंधारात भरधाव वाहनांचे भय असते. याविषयी आपण आपसांत हळहळतो. परंतु महामार्गाची देखभाल महानगरपालिकेकडे नसते, आणि वाहतुकीचे नियंत्रण पोलिसांकडे असते. कोणता भाग कोणाच्या अखत्यारीत आहे हे शोधून, धोक्याची ठिकाणे किलोमीटरच्या दगडासह नोंदवून अर्ज केला, तर त्याला वजन येते. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. दर महिन्याचा लोकशाही दिनही आहे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि ती फाइलला लावावी. काम झाल्यावर त्या अधिकाऱ्यास आभाराचे पत्र अवश्य पाठवावे. आपण नेमके तेवढेच विसरतो.

मात्र आपले घर नीट असल्याशिवाय दुसऱ्याचे दार ठोठावू नये. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा, हिशेबपत्रके वेळेवर द्यावीत. ज्या संस्थेचे स्वतःचे कागद अपुरे आहेत, तिच्या मागणीला बळ कोठून येणार? आणि काम लवकर व्हावे म्हणून टेबलाखालून काही देणे हा मार्ग तर अचौर्य व्रत सांगणाऱ्या समाजाला शोभणारा नाही. त्याने एक कागद पुढे सरकतो आणि समाजाची पत मागे जाते.

माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार तरुण आणि दोन भगिनी यांची एक समिती नेमावी. ज्येष्ठांनी त्यांना कचेऱ्यांची ओळख करून द्यावी आणि मग बाजूला बसावे. विहारमार्गाच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांच्या हाती प्रथम द्यावा. आपले बहुतेक कार्यकर्ते आता साठी ओलांडलेले आहेत. त्यांच्या मागे फाइली उरतील, पण त्या वाचणारा कोणी नसेल, अशी वेळ येऊ नये.



जय जिनेंद्र! जय महावीर!