ओला कचरा आणि न तापणारी भट्टी

(गेल्या गणेशोत्सवात मंडपात दिलेल्या व्याख्यानावरून)



आम्ही डिप्लोमावाले सरकारी नोकर, भाषण हा काही आमचा प्रांत नव्हे. पण उत्सव संपला की हळ्ळीखेडात कुणीतरी म्हणतेच, "एक भट्टी आणा आणि सगळा कचरा जाळून टाका की!" त्यावर बोलायला मंडळाने आम्हाला उभे केले आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. एका वर्षी आम्ही निर्माल्याच्या ढिगावर डिझेल शिंपडून काडी लावली. डिझेल जळून गेले, फुले तशीच राहिली. दिवसभर धूर, आणि शेजारच्या आजी खोकून बेजार.

चूल पेटवलेल्या आयाबायांना यातले मर्म ठाऊक आहे. ओल्या जळणाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते. किलोभर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी लागतात. उसाच्या ताज्या भुशातही निम्मे पाणी असते, तरी कारखान्याचा बॉयलर त्यावर चालतो, कारण उरलेला भाग जवळजवळ सगळा जळणारा असतो. आपल्या कचऱ्यात पाण्याच्या जोडीला झाडलोटीची माती. ती जळत नाही, नुसती तापते आणि उष्णता राखेबरोबर घेऊन जाते.

दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कच्या तंत्राची, रोज 300 टन कचरा जाळणारी भट्टी उभी राहिली. किलोमागे 1400 हून अधिक किलोकॅलरी उष्मांक धरून ती आखली होती. आलेला कचरा 600-700 चा. म्हणजे डिझेल ओता! आमच्या ढिगासारखेच झाले म्हणा. जेमतेम तीन आठवड्यांत ती थांबली. आमच्या मते यंत्राचा दोष कमी, हिशेबाचा जास्त.

बरे, कमी तापली तर बिघडले कुठे? विषारी वायू पुरते जळत नाहीत. म्हणून तर दवाखान्यांच्या कचऱ्याच्या भट्टीला दुसऱ्या कप्प्यात 1050 अंशांच्या आसपास तापमान आणि तिथे धूर किमान 2 सेकंद राहिला पाहिजे, असा नियम आहे. प्लास्टिक टाकले की आग भडकते, हे खरे. पण उघड्यावर ना तो कप्पा, ना ते 2 सेकंद.

यंदा मंडपाच्या दाराशी दोन पिंपे ठेवली आहेत. निर्माल्य खताच्या खड्ड्यात जाईल. तेवढे हारातले दोरे, जर आणि प्लास्टिकचे मणी आधी काढा. गेल्या वर्षी तयार खतातून आम्ही ते वेचत बसलो होतो, टोपलीभर निघाले.