झुलणारी शेगडी

आज समुद्रावरचं स्वयंपाकघर. माझा स्वतःचा अनुभव खडकवासल्याच्या पाण्यापुरता, हे आधीच कबूल.

सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा जणी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. कप्तान वर्तिका जोशी. त्यात न्यूझीलंडचं लिटलटन ते फॉकलंडचं पोर्ट स्टॅन्ली हा टप्पा, केप हॉर्नला वळसा घालून, तब्बल ४१ दिवसांचा. कोथिंबीर संपली तर कोपऱ्यावर कोण जाणार?

अशा बोटींत शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते, आपल्या लामणदिव्यासारखी. पातेल्याला आधाराच्या पट्ट्या, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेलाही पट्टा. कारण उकळतं पाणी पायावर सांडलं, तर डॉक्टर हजारो किलोमीटर दूर. आमच्या कामात रोलबॅक असतो, भाजलेल्या पायाला नाही. म्हणून पातेलं अर्धंच भरायचं.

गॅसचं भय वेगळंच. तो हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून चहा झाला की सिलेंडर लगेच बंद.

आणि भांडी? ती खाऱ्या पाण्यात घासायची. गोडं पाणी शेवटच्या विसळण्यापुरतंच.